पितळात उतरलेलं गाणं

(आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात सकाळ रेडिओने व्हायची. आधी ती ओळखीची धून, तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची. वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून आश्रयाला आलेल्या एका ज्यू संगीतकाराने ती १९३० च्या दशकात बांधली, हे मला फार पुढे कळलं. तिच्यामागून ‘वंदे मातरम्’ यायचं, देस रागातलं, संथ. तोवर अब्बांची नमाज आटोपलेली असायची. ते ओट्यावर बसून क्लॅरिनेटची एकेक पट्टी फडक्याने पुसत असायचे.

अब्बा बँडवाले होते. हिंगोलीतल्या एका छोट्या बँडपथकात ते क्लॅरिनेट वाजवत. लग्नाच्या वराती, गणपतीचं विसर्जन, उरुसाचा संदल आणि आमच्या गावचा प्रसिद्ध दसरा, हे त्यांचं वर्षभराचं पंचांग. इंग्रजांच्या काळात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी होती. फौज निजामाची, अधिकारी इंग्रज. १९०३ साली हे कंटिंजंट मोडलं. बँडची विद्या आमच्या गावात त्या छावणीतून उतरली, असं अब्बा सांगत. त्याला लेखी पुरावा माझ्याकडे नाही, पण त्यांच्या तोंडी वाद्यांची आणि हुकुमांची जी मोडकीतोडकी इंग्रजी नावं होती ती लष्करी थाटाची होती एवढं खरं.

आज मी आपल्याशी एका मोठ्या संगीतकाराबद्दल बोलणार आहे. पण त्याच्यापर्यंत मी ज्या प्रसंगामुळे पोहोचलो तो आधी सांगतो.

१९८० च्या आसपासची गोष्ट. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. १५ ऑगस्टच्या एका झेंडावंदनाला अब्बांच्या पथकाला बोलावणं आलं. आधी ‘जन गण मन’ वाजवायचं आणि शेवटी ‘वंदे मातरम्’. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, पथकात झांज धरायला होतो. ‘जन गण मन’ छान वाजलं. ‘वंदे मातरम्’ मात्र सुरू झालं आणि विस्कटलं. रेडिओवरच्या चालीत जिथे आवाज एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जातो, तिथे कोणी आधी पोहोचलं, कोणी मागे राहिलं. ढोलवाल्याला सम सापडेना. कसंबसं संपवलं. गर्दीतून एक आवाज आला, ‘मुद्दाम बिघडवलं बघा यांनी.’

‘यांनी’ म्हणजे कोणी ते सगळ्यांना कळलं. मलाही कळलं.

अब्बा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी वाद्य पेटीत ठेवलं आणि मला जवळ बोलावून आमच्या दखनीत एवढंच म्हणाले, ‘बेटा, गला मुडता, पीतल नै मुडता.’ गळा वळतो, पितळ वळत नाही. मला ते पटलं नाही. बाकीची गाणी वळतात, मग हेच का वळू नये? पुढे बी. ए. झालो, मराठीत कविता लिहू लागलो, शब्द हाच माझा धंदा झाला. पण तो आवाज आणि अब्बांचं ते वाक्य दोन्ही मनात राहिले. ते वाक्य खरं की बहाणा, याचा निकाल मला मास्टर कृष्णरावांनी दिला.

मास्टर कृष्णराव म्हणजे कृष्णराव गणेश फुलंब्रीकर. आडनावात आपल्या मराठवाड्यातली फुलंब्री, जन्म १८९८ सालचा, पुण्याजवळच्या आळंदीचा. लहानपणी नाटक कंपनीत काम केलं, तेव्हापासूनचं ‘मास्टर’ हे बिरुद कायम राहिलं. गुरू मिळाले भास्करबुवा बखले. बुवांची तालीम झाली होती फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांच्याकडे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. १९२२ साली बुवा गेले. त्यानंतर बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत नाटकांच्या चाली बांधण्याचं काम मास्टरांकडे आलं. मग बोलपट आले आणि ‘प्रभात’ने त्यांना बोलावलं. ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांचं संगीत त्यांचं. नाट्यनिकेतनच्या ‘कुलवधू’ची गाणी त्यांची.

यातल्या ‘शेजारी’वर क्षणभर थांबतो. १९४१ सालचा हा व्ही. शांतारामांचा चित्रपट. हिंदीत ‘पडोसी’. एका गावातला हिंदू आणि मुसलमान, जिवाभावाचे शेजारी, त्यांची मैत्री तुटते आणि शेवटी फुटत्या धरणावर दोघे एकत्र येतात, अशी कथा. हिंदी आवृत्तीत मुसलमान मिर्झाचं काम गजानन जागीरदारांनी केलं आणि हिंदू शेजाऱ्याचं काम मजहर खान यांनी. त्यातलं ‘लखलख चंदेरी’ आजही जुन्या लोकांना पाठ आहे. अख्खं गाव नाचतंय, गातंय, आणि चाल अशी की पाय आपोआप पडावेत. गायकीत मुरलेला हा माणूस शेकडो माणसांना एका ठेक्यावर चालवू शकत होता, हे त्या गाण्याने दाखवून दिलं. पुढच्या कामासाठी नेमकं हेच लागणार होतं.

आता ‘वंदे मातरम्’कडे वळू. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी ते १८७५ साली लिहिलं असं मानलं जातं. म्हणूनच २०२५ साली त्याची दीडशे वर्षं देशभर साजरी झाली. १८८२ साली ते ‘आनंदमठ’ या कादंबरीतून पुस्तकात आलं. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी ते गायलं. या गाण्याला एकच एक चाल कधीच नव्हती. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ते काफीत गायलं, विष्णुपंत पागनीसांनी सारंगात, आणि आकाशवाणीवर रुळलं ते देसातलं. मास्टर कृष्णरावांनी झिंझोटी निवडला.

ते आपल्या मैफलींतूनही हे गाणं गात. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या रेडिओ केंद्रावर त्यांनी ते गायला सुरुवात केली, तेव्हा प्रक्षेपण मध्येच थांबवण्यात आलं. मास्टरांनी रेडिओवर बहिष्कार टाकला. १९४७ साली हेच गाणं गाण्यासाठी ते सन्मानाने रेडिओवर परतले. आज मी ज्या माध्यमातून बोलतो आहे, त्याच माध्यमाशी एका कलावंताने एका गाण्यासाठी इतकी वर्षं अबोला धरला होता, हे सांगताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं आणि अभिमानही वाटतो.

आपल्याकडे, निजामाच्या राज्यात, या गाण्याची किंमत याहून मोठी होती. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल काढून टाकण्यात आलं. औरंगाबादच्या कॉलेजातही हीच चळवळ पेटली. यातले कितीतरी विद्यार्थी नागपूरला जाऊन शिकले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक.

स्वातंत्र्य आलं आणि प्रश्न उभा राहिला की राष्ट्रगीत कोणतं? १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारताच्या प्रतिनिधींकडे वाद्यवृंदासाठी राष्ट्रगीताची मागणी झाली. त्यांच्याकडे ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती दिली. परदेशी वादकांनी त्यावरून सराव करून ते वाजवलं आणि ऐकणाऱ्यांना ते आवडलं. ‘जन गण मन’ला हा मान आधीही मिळाला होता. सुभाषबाबूंच्या उपस्थितीत ११ सप्टेंबर १९४२ रोजी जर्मनीत हँबर्गला ते वाद्यवृंदावर वाजलं होतं. पुढे हर्बर्ट मरिल या इंग्रज संगीतकाराने त्याची वाद्यवृंदासाठी मांडणी केली.

२५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत याबद्दल निवेदन केलं. आपला मराठवाडा तेव्हा अजून निजामाच्याच राज्यात होता. आपली सुटका झाली १७ सप्टेंबरला, तीनच आठवड्यांनी. नेहरूंचं म्हणणं थोडक्यात असं होतं. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चालीला महत्त्व अधिक. ती बँडवर, वाद्यवृंदावर वाजली पाहिजे, परदेशातही वाजवता आली पाहिजे. ‘वंदे मातरम्’चं स्थान मोठं आहे, पण त्याची चाल करुण, संथ आणि पुन्हा पुन्हा तिथेच येणारी, ती बँडला मानवत नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो. माझ्या अब्बांनी ओट्यावर बसून जे सांगितलं होतं, ते देशाच्या पंतप्रधानांनी संविधान सभेत सांगितलं होतं. गळा वळतो, पितळ वळत नाही.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपलं गाणं गळ्याचं. दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर त्याचा जीव असतो. त्या वाटेला आपण मींड म्हणतो. सतार तार खेचून मींड काढते, सारंगीवर बोट सरकतं. पण ट्रम्पेटला तीन खटके, क्लॅरिनेटला भोकं आणि पट्ट्या. प्रत्येक स्वराला ठरलेली जागा. एखादा पट्टीचा वादक ओठांच्या दाबाने थोडी मींड काढेलही. पण वीस वादकांनी एकाच क्षणी, एकसारखी मींड काढायची म्हटलं तर आमच्या झेंडावंदनाला झालं तेच होणार. दुसरी अडचण ठेक्याची. कवायतीची जलद चाल मिनिटाला साधारण १२० पावलांची. डावा-उजवा, डावा-उजवा. गाणं त्या दोन पावलांत बसलं पाहिजे. तिसरी अडचण लांबीची. ‘जन गण मन’ ५२ सेकंदांत संपतं. तेवढा वेळ फौज सावधान उभी राहू शकते. सहा कडव्यांच्या गाण्यात राहू शकत नाही. चौथी गोष्ट स्वरमेळाची. आमची वरातीची पथकं सगळी मिळून एकच चाल वाजवतात. लष्करी बँडमध्ये वरची वाद्यं चाल वाजवतात, मधली तिला जुळणारे दुसरे स्वर धरतात आणि खाली जाडी वाद्यं पाया भरतात. सगळं कागदावर लिहिलेलं. चालच अशी हवी की तिच्याखाली हे स्वर उभे राहू शकतील.

युरोपात या कामाची मोठी परंपरा आहे. फौजेच्या चाली बांधणं हेच तिथे कित्येक संगीतकारांचं आयुष्यभराचं काम. बेल्जियममधल्या दिनां गावात १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ साक्सने तर लष्करी बँडच्या वाद्यांचं रूपच बदललं. त्याच्या सॅक्सोफोनचं पेटंट १८४६ सालचं. आमच्या पथकातले चाचा ज्याला ‘सॅक्सो’ म्हणत आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजवत, तो या बेल्जियन कारागिराचा. आपल्याकडे ही विद्या छावण्यांतून आली, तशी गोव्याच्या चर्चच्या शाळांतूनही आली. तिथे मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. मुंबईतले बँड आणि पुढे सिनेमाचे वाद्यवृंद गोव्याच्या वादकांनी भरलेले होते, ते यामुळे.

नेहरूंचा आक्षेप मास्टरांनी भावनेने परतवला नाही. ‘तुम्ही अपमान करता’ असं म्हणून ते घरी बसले नाहीत. बँडवर वाजत नाही म्हणता? मग वाजवून दाखवतो, अशी त्यांची भूमिका. ते मुंबईच्या पोलिस बँडकडे गेले. तिथे सी. आर. गार्डनर हे ब्रिटिश बँडप्रमुख होते. कल्पना करा, एकीकडे भास्करबुवांचा शिष्य, दुसरीकडे ख्याल-ठुमरीशी संबंध नसलेला इंग्रज. मध्ये झिंझोटी. दोघांनी मिळून त्या चालीची बँडसाठी मांडणी केली.

इथे झिंझोटीची निवड किती विचारपूर्वक होती ते लक्षात येतं. या रागात सगळे शुद्ध स्वर आणि एक कोमल निषाद. हलणारा, झुलणारा, अतिकोमल असा स्वर नाही. म्हणजे ठरलेल्या जागांच्या वाद्यांना तो मानवतो. त्याचा वावर मुख्यतः मधल्या आणि खालच्या सप्तकात. म्हणजे शाळेतली मुलं, बाजारातली माणसं, कोणालाही आवाज न ताणता गाता येतो. शिवाय तो लोकगीतांच्या जवळचा, कानाला लगेच ओळख देणारा. गाता येईल, वाजवता येईल आणि चालता येईल, अशा तिन्ही अटी मास्टरांनी डोक्यात ठेवल्या होत्या. नाटकाने त्यांना शब्द पोहोचवायला शिकवलं होतं, सिनेमाने समूह हाताळायला, आणि रागाची पारख खाँसाहेबांपासून बुवांमार्फत आली होती.

मास्टर दिल्लीला गेले. संसद भवनात पंडित नेहरू आणि संविधान सभेच्या सदस्यांसमोर त्यांनी आपली चाल गाऊन दाखवली, बँडवरची ध्वनिमुद्रणं ऐकवली. एका गवयाने देशाच्या घटनाकारांपुढे केलेला हा युक्तिवाद होता आणि तो सुरांतला होता.

निकाल आपल्याला ठाऊक आहे. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत जाहीर केलं की ‘जन गण मन’ राष्ट्रगीत राहील आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी केलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्याबरोबरीचा मान राहील.

मग मास्टर हरले का? संगीताच्या बाजूने ते हरले असं मला वाटत नाही. बँडवर वाजत नाही हा आक्षेप त्यांनी खोडून काढला होता. पण प्रश्न फक्त संगीताचा नव्हता, आणि हे मी मुसलमान म्हणून नीट सांगितलं नाही तर हे भाषण अर्धवट राहील. या गाण्याच्या पुढच्या कडव्यांत देशाला देवीच्या रूपात, दुर्गेच्या रूपात आळवलं आहे. एकाच ईश्वराला सजदा करणाऱ्याला तिथे अडखळायला होतं. ज्या कादंबरीत ते आलं तिची पार्श्वभूमीही बोचणारी. ही अडचण बनावट नव्हती, आणि तिचं राजकारण झालं हेही खोटं नाही. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने, रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन, पहिली दोनच कडवी गायची असं ठरवलं. त्या दोन कडव्यांत पाणी आहे, फळं आहेत, वारा आहे, चांदणं आहे. ज्या मातीत माझे आजोबा दफन आहेत तिचंच ते वर्णन आहे.

२००६ साली हा वाद पुन्हा उसळला. ७ सप्टेंबरला सर्व शाळांतून गाणं म्हणावं असं केंद्राने सुचवलं, मग सक्ती नाही असा खुलासा केला. त्या आठवड्यात मला तीन जणांनी विचारलं, ‘तुम्ही म्हणता का हो?’ माझ्या शेजारच्या कोणालाही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, ‘मी दोन कडवी म्हणतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून म्हणणार नाही.’ गाणं ही परीक्षा झाली की ते गाणं राहत नाही. माझ्या अब्बांची अशी परीक्षा झाली होती, आणि तांत्रिक अडचणीला नियतीचा दोष समजून त्यांना नापास केलं गेलं होतं.

मास्टरांचं मोठेपण मला इथेच दिसतं. अडचण कुठे आहे ते त्यांनी आधी समजून घेतलं. पितळ वळत नाही ना, मग पितळाला चालेल अशी चाल करू. त्यांनी वाद्याला दोष दिला नाही, वाजवणाऱ्यालाही दिला नाही. आणि निकाल मनासारखा लागला नाही म्हणून ते कडवट झाले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून १९५६ च्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यासाठी त्यांनी पाली भाषेतली बुद्धवंदना स्वरबद्ध केली. पुढे १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७४ साली पुण्यात त्यांचं निधन झालं.

‘वंदे मातरम्’ची सूरावट आज संसदेत अधिवेशन संपताना वाजते. रेडिओची सकाळ अजून देसाच्या चालीने उजाडते. झिंझोटीतली मास्टरांची चाल मात्र ध्वनिमुद्रणांत राहिली, मोजक्या लोकांच्या कानांत राहिली.

शेवटचं सांगतो. अब्बा थकले होते. दात गेले की क्लॅरिनेट सुटतं, तसं ते सुटलं होतं. एके दिवशी मी त्यांना मास्टरांच्या चालीचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावून दिलं. कोणाचं, काय, काही सांगितलं नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. थोड्या वेळाने मांडीवर बोटं हलायला लागली, क्लॅरिनेटच्या पट्ट्यांवर हलावीत तशी. पाय ठेका धरू लागला. संपल्यावर म्हणाले, ‘फिरसे लगा.’ पुन्हा लावलं. मग म्हणाले, ‘ये बजता. उस दिन ये मालूम होना था.’

मी त्यांना नेहरूंचं निवेदन सांगितलं, गार्डनर सांगितला, संसद भवन सांगितलं. ते ऐकत होते, पण मधेच त्यांनी कारागिराचा प्रश्न विचारला, ‘साइड ड्रमकू क्या दिए उनो?’ साइड ड्रमला काय वाजवायला दिलं होतं त्यांनी? मला उत्तर देता आलं नाही.

अब्बा आता नाहीत. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला मी जातो. बँड उभा असला की माझं लक्ष आधी त्या पोरांच्या बोटांकडे जातं. एखादा सूर चुकला तर मी शेजारच्याला हळूच सांगतो, ‘ते फार अवघड असतं हो.’ आपल्यापैकी जे शाळा चालवतात, मुलांचं बँडपथक सांभाळतात, त्यांना एकच विनंती. मास्टर कृष्णरावांची ही चाल मिळवा आणि मुलांना शिकवून बघा. मुलांच्या बोटांना ती जड जाणार नाही.